पाटी पुसली, आता बाजार?

इस्लामपूरचे ईश्वरपूर झाले तेव्हापासून हिंदू मित्र मला एक प्रश्न विचारतात, "तुम्हाला वाईट वाटलं असेल ना?" मोहल्ल्यातली पोरं दुसराच विचारतात, "तुम्ही यावर लिहीत का नाही?" दोघांना एकदमच उत्तर देतो.

हो, वाईट वाटले. पण मला पाटीपेक्षा बाजाराची काळजी जास्त आहे.

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्याचे हे मुख्य गाव. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा, मध्ये उसाचे रान. पूर्वी हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता, १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. गावाचे नाव जोडनाव होते, उरुण-इस्लामपूर. उरुणकरांना इस्लामपूर शेजारी असल्याचा त्रास झाल्याचे कधी ऐकले नाही. १९८६ पासून शिवसेनेने ईश्वरपूर म्हणायला सुरुवात केली आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत नामांतर जाहीर केले.

कारण काय, तर म्हणे नाव परक्यांचे आहे. बरे. सप्टेंबर १९४२ मध्ये याच गावात कचेरीवर मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसे मेली. त्या गोळीबाराला 'इस्लामपूरचा गोळीबार' म्हणतात. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. नाना पाटील याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. इंग्रजाशी लढलेल्या या माणसांनी तालुक्याच्या गावाला इस्लामपूरच म्हटले. त्यांच्या देशभक्तीला ते नाव टोचले नाही. १९८६ मध्येच कुणाला तरी ते टोचायला लागले, तर दोष नावात आहे की टोचून घेणाऱ्यात, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि त्या नावाने मुसलमानांना काय दिले? सातबारा नाही, कारखान्याचा शेअर नाही, बाजार समितीत खुर्ची नाही. गावात वस्ती हिंदूंची जास्त, सत्ता त्यांची, सहकार त्यांचा. इस्लामपूर हे कधीच 'मुसलमानांचे गाव' नव्हते. म्हणूनच पाटी बदलल्याने हिंदूंना काही परत मिळाले, हे म्हणणे खोटे आहे. त्यांच्याकडून गेलेच काय होते?

आता मोहल्ल्यातल्या पोरांशी बोलतो.

असे काही घडले की आपल्याकडचे पुढारी दोन गोष्टी काढतात. पहिली, "आमच्या बादशहांनी". दुसरी, "आमच्याकडे हिंदू-मुसलमान मिळून ताबूत बसवतात". बादशहांचे सोडा. आपले पूर्वज त्यांच्या दरबारात नव्हते, गावात कापूस पिंजत होते. ताबुतांचे मात्र खरे आहे. कडेगावचे उंच ताबूत बघायला आजही माणसे लोटतात आणि मला त्याचा अभिमान आहे. पण मोहरम वर्षातून एकदा येतो. आठवड्याचा बाजार वर्षात बावन्न वेळा भरतो. गावाशी आपले नाते एका दिवसाच्या मिरवणुकीवर तोलायचे असेल, तर ते नाते तोडणेही एका दिवसाचेच काम ठरते.

आपली नोंद कुठे आहे ते आडनावांत बघा. बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, पिंजारी, नदाफ, शिकलगार, मुलाणी, खाटीक. ही यादी म्हणजे दक्षिण महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजाराचा नकाशा आहे. बागवान शेतकऱ्याच्या बांधावरून भाजी आणि फळ उचलतो. माल पडून सडायच्या आत तो बाजारात नेणे, यातच त्याची अक्कल आणि जोखीम. मणेर लग्नघरी जाऊन बांगड्या भरतो. नदाफाने भरलेल्या गादीवर गाव झोपते. शिकलगाराकडे विळ्या-कोयत्याला धार लावून माणसे रानात जातात. मुलाणी तर गावगाड्यात बलुतेदार. देवाच्या जत्रेचा बकरा तोच हलाल करणार, तेव्हा गावजेवणाचा रस्सा चुलीवर चढणार. त्याबद्दल खळ्यावर त्याला धान्य मिळायचे, कुठे कुठे वतनाची जमीनही होती.

यातल्या कितीतरी जमाती शासनाच्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे दाखला देताना सरकारला आपण दिसतो. पण गावाचा इतिहास म्हणून जी पुस्तके आणि स्मरणिका निघतात त्या उघडून बघा. संस्थापक आहेत, देणगीदार आहेत, देवस्थाने आहेत, मान्यवरांचे फोटो आहेत. मुसलमान आलाच तर दोन वेशांत येतो. एकतर स्वारी करून येणारा सुलतान, नाहीतर कबरीत निजलेला अवलिया. बाजारात पाटी घेऊन बसलेला बागवान कुठल्याच पानावर नाही. ज्याची नोंदच नाही त्याला "तू इथला नाहीस" म्हणायला फार धाडस लागत नाही.

आणि ते म्हणायला सुरुवात झाली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने ठराव केला, कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांनी दुकाने लावू नयेत. गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव रद्द केला, हे बरे झाले. पण ठराव रद्द झाला म्हणून विचार रद्द होत नाही. "त्यांच्याकडून घेऊ नका" हे आता मोबाइलवरून घरोघर फिरते.

याचा फटका फक्त मुसलमानाला बसतो असे ज्यांना वाटते त्यांनी जनावरांच्या बाजारात जाऊन यावे.

राज्यात गायीच्या कत्तलीवर बंदी जुनीच होती. २०१५ मध्ये बैल आणि वळूही तिच्यात आले. म्हैस-रेडा अजूनही कायद्याने चालतो. कायदा आहे तोवर तो पाळला पाहिजे, यावर माझा वाद नाही. पण शेतकऱ्याचा हिशेब काय होता ते बघा. थकलेला बैल विकायचा, त्या पैशात पदरचे घालून नवा घ्यायचा. भाकड जनावर गेले की त्याचा चारा दुभत्याला. संकरित गायीला गोऱ्हा झाला तर तो औताच्या फारसा कामाचा नाही, पोसायचा कशाला? या सगळ्या व्यवहाराचा तळ खाटकाच्या पैशावर होता. तो दावणीला उभा असला की जनावराला काहीतरी किंमत यायची. तो गेला की त्याच जनावराचा पोशिंद्यालाच बोजा होतो.

२०२५ मध्ये राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी बंद केली. मागणी कायदा मोडू देण्याची नव्हती. परवानगी असलेली जनावरे नेतानाही रस्त्यात गाड्या अडवतात, मारतात, ते थांबवा, एवढीच होती. बाजार बसले. आणि ओरड कोणी केली? शेतकऱ्यांनी. याच वाळवा तालुक्यातले शेतकरी नेते सदाभाऊ खोत सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे आमदार असूनही तथाकथित गोरक्षकांविरुद्ध उघड बोलले. त्यांना मुसलमानांचा पुळका आला होता असे नव्हे. गोठ्यातला हिशेब त्यांना कळत होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. शेतीच्या गावात पिकवणारा, उचलणारा, विकणारा, धार लावणारा अशी माणसांची साखळी असते. त्यातली एक कडी काढली की साखळी तिथेच तुटते. मग कडी काढणारा घरी जातो आणि नुकसान रानात उरते. बागवानाला बाजारातून उठवाल, तर संध्याकाळी उरलेली मेथी कोण उचलणार? घोषणा देणारे उचलणार नाहीत. ते शहरातून गाडीने येतात आणि गाडीनेच परत जातात.

म्हणून पोरांनो, पाटीसाठी डोके फोडून घेऊ नका. ज्याला जे म्हणायचे ते म्हणू दे, एसटीत बसलेली म्हातारी अजून तिकीट इस्लामपूरचेच मागेल. त्यापेक्षा घरातल्या पेट्या उघडा. मुलाणकीची कागदे, आडतीच्या पट्ट्या, आजोबांच्या उधारीच्या वह्या बाहेर काढा. कोणाच्या लग्नात किती गाद्या भरल्या, कोणत्या दुष्काळात कोणाची उधारी सोडली, ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. मराठीत लिहा, कारण तो हिशेब मराठीतच झाला होता. नगरपालिकेने पुढची स्मरणिका काढली की तिच्यात ही पाने घाला म्हणून अर्ज द्या. नाकारला तर तो नकार लेखी मागा.

आणि ऊस, सोयाबीन, भाजी पिकवणाऱ्या माझ्या हिंदू भावांनो, तुम्ही विचारलेत की वाईट वाटले का. त्या प्रश्नात माया आहे, ती पोचली. पण माझ्या वाईट वाटण्याची चौकशी पुरे झाली. उद्या तुमच्या गावच्या ग्रामसभेत मढीसारखा ठराव आला तर तुमचा हात वर जाईल की खाली राहील, ते सांगा. मला त्याचे उत्तर हवे आहे.