एका डिरेक्टरी सर्व्हरची भाऊबंदकी

१/ "जुने झाले, म्हणून गेले." बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचा मृत्युलेख बहुधा या एका वाक्यात आटोपतो. एखादे संस्थान किंवा एखादी लिपी अशा वाक्यात कोणी गुंडाळली, तर इतिहासाचा विद्यार्थी चवताळून उठतो. सन मायक्रोसिस्टिम्सच्या डिरेक्टरी सर्व्हरविषयी मात्र तोच निमूट मान डोलावतो. हा धागा त्या मान डोलावण्याविरुद्ध आहे.

२/ प्रथम वस्तू समजून घ्यावी. मावळातील परंदवडीचे उदाहरण घेऊ. तेथील सातबारा जमिनीच्या गटावरून लावलेला असतो, तर आठ-अ खातेदाराच्या नावावरून. अमुक माणसाच्या खात्यावर काय आहे, हे आठ-अ चटकन सांगतो. मोठ्या कंपनीत किंवा विद्यापीठात जवळपास हेच काम डिरेक्टरी सर्व्हर करतो: माणूस कोण, कोणत्या विभागाचा, त्याचा पासवर्ड खरा की खोटा. नोंदीचा पत्ताही पोस्टकार्डासारखा असतो: आधी व्यक्ती, मग विभाग, मग संस्था, शेवटी देश. लिहिणे क्वचित, वाचणे अखंड.

३/ आता वंशावळ. १९८८ साली एक्स.५०० हे आंतरराष्ट्रीय मानक आले. ते परिपूर्ण होते आणि तितकेच अवजड. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हलका मार्ग मांडला, तो एलडीएपी. हा करार खुला होता; कोणीही वाचावा, कोणीही वापरावा. १९९६ मध्ये हाउज नेटस्केपकडे गेले आणि नेटस्केप डिरेक्टरी सर्व्हर बाजारात आला. मिशिगनच्या मूळ कोडपासून निघालेली दुसरी, खुली शाखा १९९८ पासून ओपनएलडीएपी या नावाने नांदते आहे.

४/ मग वाटणी झाली. १९९९ मध्ये एओएलने नेटस्केप विकत घेतले आणि सनशी भागीदारी केली. तिचे नाव आयप्लॅनेट. २००२ मध्ये भागीदारी मोडली. एकाच घराण्याचा कोड दोन दारी गेला: एक हिस्सा सनकडे, दुसरा एओएलकडे. दोन्हींचे मूळ एक, कुवत एक. म्हणूनच पुढचा प्रसंग इतिहासकाराला मोलाचा वाटला पाहिजे, कारण तुलनेची अशी संधी विरळाच मिळते.

५/ एओएलचा हिस्सा २००४ मध्ये रेड हॅटने घेतला, २००५ मध्ये त्याचा कोड खुला केला आणि २००९ मध्ये त्याला ३८९ डिरेक्टरी सर्व्हर हे नाव दिले. (३८९ हा एलडीएपीच्या पोर्टचा क्रमांक.) तो आजही चालतो, सुधारतो. सनचा हिस्सा बंद दाराआड राहिला. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, उत्पादनाचे नाव बदलले, ग्राहकांना आपल्या दुसऱ्या उत्पादनाकडे वळवले आणि अखेर ते बंद केले.

६/ वय दोघांचे सारखेच होते. तेव्हा 'जुने झाले' हे कारण येथेच गळून पडते. एका भावाचे भवितव्य एकाच मालकाच्या हिशेबवहीवर टांगलेले होते, दुसऱ्याचे तसे नव्हते.

७/ यावर आक्षेप येईल की ओरॅकलने पर्याय तर दिला, नोंदी कोठे बुडाल्या? आक्षेप रास्त आहे. पण नोंदी तरल्या त्या मालकाच्या औदार्याने तरल्या असे नव्हे. एलडीएपी सर्वांचे होते आणि एलडीआयएफ या साध्या मजकुराच्या स्वरूपात दप्तर बाहेर काढता येत होते, म्हणून स्थलांतर शक्य झाले. घर पडले तरी दप्तर वाचले, कारण दप्तराची लिपी घरमालकाची नव्हती.

८/ दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: मोडी तर कोणाच्याच मालकीची नव्हती, मग ती का विसरली गेली? पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद शाबूत आहेत, वाचणारे मोजके. हेही मान्य करावे. खुलेपणा ही पहिली अट आहे, शेवटची नव्हे. वाचणारे आणि सांभाळणारे हात लागतातच. पण मोडी आजही शिकता येते. बंद कोड शिकताच येत नाही. हा फरक लहान नाही.

९/ हे सारे परंदवडीला का लागू होते? गावोगावची कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली आणि कुलकर्ण्याच्या रुमालातले काम तलाठ्याकडे आले. दप्तर हलले, पण नव्या माणसाला ते वाचता आले. आज तेच दप्तर संगणकात आहे. उद्या प्रणाली पुन्हा बदलेल, ती बदलणारच. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: नोंदी कोणत्या स्वरूपात बाहेर येतील आणि त्या वाचायला कोणाची परवानगी लागेल? हा प्रश्न कंत्राट देतानाच विचारायचा असतो, प्रणाली बंद झाल्यावर नव्हे.

१०/ इतिहास १८१८ ला संपतो असे मानणाऱ्यांना सर्व्हरच्या कथा उपऱ्या वाटतील. परंतु उद्याचा संशोधक परंदवडीचा फेरफार शोधायला बसेल, तेव्हा त्याच्यापुढे रुमाल नसेल, फाइल असेल. ती उघडेल की नाही, हे आजच्या कंत्राटातल्या एका कलमावर ठरेल. ते कलम तपासणे हे इतिहासाचेच काम आहे.