दाढेच्या दुखण्यावर मेडिकलची गोळी?

रूट कॅनाल केलेली दाढ पुन्हा ठणकली की आपण थेट मेडिकल गाठतो, अमॉक्सिसिलिन घेतो. पण मंडळी, गोळी रक्तातून पोचते, आणि त्या दातातली नस काढलेली असते. तिथे रक्तच जात नाही! आत एंटेरोकोकस फीकॅलिससारखे चिवट जंतू असतात. दात पुन्हा उघडून, हायपोक्लोराइटने धुऊन, कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरावं लागतं.

ताप आला, सूज गालावर पसरली तर अँटिबायोटिक हवंच, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. तरी विकलं जातं, कारण गोळी स्वस्त, रूट कॅनाल महाग.

म्हणून माझं स्पष्ट मत: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही सोय हवी. नाहीतर उद्या न्यूमोनियालाही ही औषधं लागू पडणार नाहीत. तुमच्या तालुक्यात काय स्थिती आहे?