पुष्य नक्षत्र आणि लसीकरण कार्ड

नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्रात लसींविषयीचे एक प्रदर्शन सुरू झाले. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद आणि लंडनचा सायन्स म्युझियम ग्रुप यांनी ते उभारले होते. पुढे ते नागपूर व मुंबई येथेही आले. कोविडवरील लस कशी शोधली गेली, तिच्या चाचण्या कशा झाल्या आणि ती लोकांपर्यंत कशी पोहोचली, हे सामान्य माणसाला पाहून व हाताळून समजावे, हा त्यामागील हेतू. त्याच महिन्यात मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ पसरली होती आणि बालके दगावत होती. त्यांपैकी अनेकांना लसीची एकही मात्रा मिळालेली नव्हती.

असे प्रदर्शन निश्चितच स्तुत्य आहे. तथापि ज्या मातेच्या मनात शंका आहे, ती तिकीट काढून विज्ञान केंद्रात जात नाही. ती वस्तीतील वैद्याकडे येते किंवा औषधाच्या दुकानात विचारते. म्हणून प्रदर्शनाची ही पद्धत आपणच चिकित्सालयात आणावयास हवी.

त्याची संधी दर पुष्य नक्षत्रास येते. सुवर्णप्राशनासाठी त्या दिवशी बालकांची रांग लागते. मात्र काही फलकांवर त्याचा उल्लेख ‘आयुर्वेदिक लसीकरण’ असा आढळतो. हा शब्दप्रयोग आपण थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महिनाभराच्या सेवनाने व्याधी बाधत नाहीत, अशी फलश्रुती काश्यपसंहितेत आहे, हे खरे. परंतु सुवर्णप्राशन गोवराच्या लसीची जागा घेऊ शकते, असा पुरावा नाही. फलक वाचून एखाद्या पित्याने लस टाळली, तर रोमान्तिकेने ग्रस्त झालेल्या त्या बालकाचे उत्तरदायित्व कोणाचे?

त्या दिवशी एक टेबल मांडावे. प्रत्येक बालकाचे लसीकरण कार्ड पाहावे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा 9 ते 12 महिन्यांत व दुसरी 16 ते 24 महिन्यांत झाली की नाही, हे तपासावे. एका ताटलीत 19 रंगीत व 1 पांढरा मणी ठेवावा. गोवराची साथ रोखण्यास सुमारे 95 टक्के बालके संरक्षित असावी लागतात. पालकांनी एकेक रंगीत मणी काढून त्याजागी पांढरा ठेवला, की साथीला वाट कशी मिळते हे त्यांना सहज उमगते. औषध विक्रेत्यांनी सरकारी कुपीवरील उष्णतादर्शक चिन्हाचे मोठे चित्र लावावे. आतील चौकोन बाहेरील वर्तुळाइतका गडद झाला, की ती लस वापरावयाची नाही, एवढी साधी ही खूण आहे. ती पाहिली की लस जपून आणली जाते, हा विश्वास बसतो.

चरकाने सहज, कालज व युक्तिकृत असे त्रिविध बल सांगितले आहे. लस म्हणजे युक्तिकृत बल, एवढे एक वाक्य वैद्याच्या मुखातून आले, तर ते रुग्णाच्या घरी मानले जाते. आपले मौन मात्र तेथे विरोध म्हणूनच वाचले जाते.