बैल आणि धुराडे एकाच काट्यावर

वऱ्हाडातील कापूस उत्पादकाला मापाचे राजकारण कोणी शिकवावे लागत नाही. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढते, तेव्हा क्विंटल सर्वांना सारखाच असतो; परंतु हाती पैसा किती येणार हे ठरते ते ओलावा किती धरला, धाग्याची लांबी किती मानली आणि प्रत कोणती लावली यांवर. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलावा मान्य, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत किमतीत कपात आणि त्याहून ओला कापूस परत, हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. माप एक झाले म्हणजे न्यायही आपोआप झाला, असे तो कधीच मानत नाही. माप कोणी ठरवले, त्यात काय धरले आणि काय सोडले, हे तो प्रथम विचारतो. हाच प्रश्न आता आणखी एका मापाविषयी विचारण्याची वेळ आली आहे. हे माप वऱ्हाडच्या बाजारात दिसत नाही. पण वऱ्हाडच्या गोठ्याचा, शेताचा आणि वीजकेंद्राचा हिशेब त्याच मापाने मांडला जात आहे. त्या मापाचे नाव ‘कार्बन डायऑक्साइड सममूल्य टन’.

पृथ्वीचे तापमान वाढविणारे वायू अनेक आहेत. कोळसा व तेल जाळल्याने कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. गुरांच्या रवंथातून, भातखाचरांतून, कचऱ्याच्या ढिगांतून आणि कोळशाच्या खाणींतून मिथेन बाहेर पडतो. शेतात टाकलेल्या युरियापासून नायट्रस ऑक्साइड होतो. शीतयंत्रांच्या कारखान्यांतून फ्लोरीनयुक्त वायू निसटतात. या सर्वांची बेरीज करायची, तर त्यांना एका भाषेत आणणे भाग आहे. त्यासाठी शास्त्रज्ञांनी अशी युक्ती काढली की, एखाद्या वायूचा एक टन आज हवेत सोडला तर पुढील शंभर वर्षांत तो एकंदर किती उष्णता अडवील, हे मोजायचे आणि त्याची तुलना एक टन कार्बन डायऑक्साइडशी करायची. जो गुणक येईल, त्याने त्या वायूला गुणले की सममूल्य टन तयार झाले. युक्ती सोपी आहे आणि उपयुक्तही आहे. प्रश्न आहे तो ‘शंभर वर्षे’ या दोन शब्दांचा.

हे शंभर वर्षांचे अंतर निसर्गाने ठरवून दिलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी मंडळाने हवामान बदलावरील पहिला अहवाल १९९० साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात वीस, शंभर आणि पाचशे अशा तीन मुदतींचे गुणक दिले होते. सर्वमान्य पद्धत अद्याप उपलब्ध नाही आणि ही साधी रीत या कल्पनेतील अडचणी दाखविण्यासाठी घेतली आहे, असे त्याच अहवालाने स्पष्ट केले होते. मिथेनचा गुणक वीस वर्षांसाठी ६३, शंभरसाठी २१ आणि पाचशेसाठी ९ असा होता. १९९७ च्या क्योटो करारात यांतील मधली मुदत स्वीकारली गेली आणि उदाहरणादाखल दिलेला आकडा राष्ट्राराष्ट्रांमधील देण्याघेण्याचे चलन बनला. गुणक पुढेही बदलत राहिला. २००७ च्या अहवालात मिथेनसाठी २५, २०१३ च्या अहवालात २८, तर २०२१ च्या अहवालात खाणीतील मिथेनसाठी २९.८ आणि गुराढोरांसारख्या जैव उगमाच्या मिथेनसाठी २७ असे आकडे आले. पॅरिस कराराचे नियम २०१८ साली काटोविस येथे ठरले, तेव्हा राष्ट्रीय हिशेबासाठी शंभर वर्षांची मुदत कायम झाली. वीस वर्षांची मुदत घेतली, तर हाच गुणक आज ऐंशीच्या घरात जातो. म्हणजे वायू तोच, टन तोच. बदलते ती केवळ किती दूरवर पाहायचे ही मानवी निवड.

या निवडीचा अर्थ वऱ्हाडात काय होतो ते पाहावे. अकोला जिल्ह्यातील पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. हे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला पाच लाख युनिट वीज निर्माण होते. कोळशाच्या विजेत युनिटमागे ढोबळ मानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर तासाला पाचशे टन वायू धुराड्यातून बाहेर पडतो. आता गोठ्याकडे वळावे. आंतरसरकारी मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेने भारतीय उपखंडातील दुभते नसलेल्या एका जनावरामागे वर्षाला २७ किलो मिथेन धरला आहे. त्याला २८ ने गुणले तर ७५६ किलो, म्हणजे पाऊण टन सममूल्य होते. या हिशेबाने पारसचा एक तास म्हणजे सुमारे ६६० बैलांचे एक वर्ष. आता मुदत शंभरऐवजी वीस वर्षांची करून गुणक ८० धरावा. बैल तेच, गव्हाणीतला कडबाही तोच. पण त्याच एका तासाची बरोबरी करायला आता २३० बैल पुरतात. एका लेखणीच्या फटकाऱ्याने प्रत्येक बैलाचा दोष जवळजवळ तिप्पट झाला, आणि धुराड्याच्या दोषात मात्र तसूभरही फरक पडला नाही.

याहून मूलभूत गोष्ट अशी की, या दोन वायूंची जातकुळीच वेगळी आहे. बैल जो कडबा खातो, त्यातील कार्बन त्याच हंगामात पिकाने हवेतून घेतलेला असतो. बैलाच्या पोटातून निघालेला मिथेन सुमारे बारा वर्षांच्या सरासरी आयुष्यात विघटित होतो आणि तो कार्बन पुन्हा हवेच्या चक्रात येतो. गावातील गुरांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहिली, तर जितका नवा मिथेन येतो जवळजवळ तितकाच जुना नाहीसा होत असतो. कोळशाचे तसे नाही. वर्धा खोऱ्यातील कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळ जमिनीत गाडलेला होता. तो जाळल्यावर निघालेल्या वायूचा मोठा भाग शतके आणि काही भाग हजारो वर्षे हवेत राहतो. आजच्या धुराच्या वर उद्याचा धूर साचत जातो. एक वाहता ओढा आहे, दुसरे तळ नसलेले साचपाणी. दोन्ही ‘इतके लिटर पाणी’ म्हणून मोजता येतील, पण पुराचा अंदाज त्या बेरजेवरून बांधता येणार नाही.

हा वाद नवा नाही. अमेरिकेतील जागतिक संसाधन संस्थेने १९९० साली वायू उत्सर्जन करणाऱ्या देशांची यादी काढली आणि भातशेती व गुरे यांचा मिथेन हिशेबात घेऊन भारताला पहिल्या पाच देशांत बसविले. त्याला अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रातर्फे सडेतोड उत्तर दिले. पोट भरण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच पंक्तीला बसविता येणार नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. त्याच वर्षी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्र यांच्या पुढाकाराने देशातील भातखाचरांतील मिथेनचे प्रत्यक्ष मापन झाले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने भारतीय भातशेतीच्या माथी वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन मारला होता. शेतात जाऊन मोजल्यावर तो सुमारे ४० लाख टन भरला! परक्याने दुरून ठरविलेला आकडा आणि बांधावर उभे राहून घेतलेला आकडा यांत इतके अंतर असू शकते, हा धडा विसरण्यासारखा नाही.

माप जोवर कागदावर असते तोवर त्याच्या चुका कागदावरच राहतात; ते चलन झाले की चुकांचाही व्यापार होतो. क्योटो कराराखालील योजनेत शीतयंत्रांचा वायू बनविताना निघणारा एचएफसी-२३ हा उपवायू जाळून टाकणाऱ्या भारत व चीनमधील कारखान्यांना पतपत्रे मिळत होती. या वायूच्या एका टनाला ११,७०० सममूल्य टन असा गुणक होता. किरकोळ खर्चात एक टन वायू जाळायचा, ११,७०० पतपत्रे विकायची आणि ती विकत घेऊन युरोपातील उद्योगांनी तितकाच कोळशाचा धूर सोडायचा, असा हा सौदा होता. पतपत्रांच्या लोभाने तो उपवायूच अधिक निर्माण केला जात असल्याच्या तक्रारी झाल्या आणि अखेर २०१३ पासून युरोपीय संघाने आपल्या बाजारात ही पतपत्रे बंद केली. भारत सरकारने २०२३ साली स्वतःची कार्बन पत व्यापार योजना अधिसूचित केली आहे. तीतही एक प्रमाणपत्र म्हणजे एक सममूल्य टन. उद्या बांधावरची झाडे, शेणाचा गॅस आणि जमिनीतील सेंद्रिय कर्ब यांची पत्रे विकत घेऊन एखादे धुराडे ‘निर्दोष’ ठरू लागले, तर त्यात नवल काय? झाड दुष्काळात वाळते, गरजेला तोडले जाते. धुराड्यातून गेलेला कार्बन मात्र परत खाणीत जात नाही.

शिवाय या मापाला काही गोष्टी मुळीच दिसत नाहीत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १,३५० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभारताना ऊर्ध्व वर्धा धरणातील पाणी त्याला देण्याचा निर्णय झाला. ते पाणी शेतीचे आहे, म्हणून अमरावती जिल्ह्यात लोक रस्त्यावर उतरले. त्या पाण्याला सममूल्य टनात जागा नाही. राखेला नाही, कोरड्या राहिलेल्या पाटाला तर नाहीच नाही. मेळघाटातील चुलीचा धूर आणि मुंबईतील मनोऱ्यांच्या वातानुकूलनाची वीज या माणसांच्या दोन वेगळ्या कहाण्या आहेत, हेही ते माप सांगत नाही.

याचा अर्थ माप मोडून टाकावे असा नव्हे. मिथेन हा तीव्र वायू आहे आणि तो कमी केला तर त्याचा गुण काही वर्षांतच दिसतो, हे सत्य नाकारणे आत्मघातकी ठरेल. अमरावतीच्या सुकळी कचरा डेपोत कुजणारा ओला कचरा, खाणींतून निसटणारा वायू, शेतात गरजेहून अधिक पडणारा युरिया, हे सारे कमी करण्यात लोकांचेच हित आहे. नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांहून अधिक काळ टिकतो. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीतील नत्राचा शंभरावा भाग या रूपाने उडाला, तरी तो ८५ किलोहून अधिक सममूल्य भरतो. ‘गुरे स्थिर असतील तर दोष नाही’ हा युक्तिवादही जपून वापरला पाहिजे, कारण तो गरिबांपेक्षा धनिकांना अधिक सोयीचा आहे. आपले कळप आधीच वाढवून बसलेल्या न्यूझीलंडने ‘जादा तापमानवाढ नको’ एवढेच सूत्र धरून २०२५ साली मिथेन कपातीचे आपले लक्ष्य खाली आणले. काल ज्याने अधिक वाटा घेतला त्याला तो कायमचा बहाल करणे, हा समतेचा न्याय होऊ शकत नाही. आणि भारत सरकारने २०२१ च्या ग्लासगो येथील मिथेन प्रतिज्ञेवर सही न करण्यासाठी शेतकऱ्याच्या उपजीविकेचा आधार घेतला, तो योग्य असला तरी त्या शेतकऱ्याच्या आडून कोळशाचा विस्तार करण्याचा परवाना कोणाला मिळत नाही.

तेव्हा मागणी माप मोडण्याची नाही, खतावणी उघडी करण्याची आहे. प्रत्येक वायूचा रकाना वेगळा असावा, आणि बेरीज देताना वीस व शंभर अशा दोन्ही मुदतींची द्यावी. दीर्घायुषी कार्बन आणि अल्पायुषी मिथेन यांची अदलाबदल करण्यास कायद्यानेच बंदी असावी. कोळशाच्या धुराची भरपाई कोळसा कमी जाळूनच व्हावी. वऱ्हाडच्या गुरांचा, कापूस-सोयाबीनच्या शेतांचा आणि जमिनीचा हिशेब उसन्या आकड्यांवर न मांडता अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांनी शिवारात जाऊन मोजावा आणि तो मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा. शेतकऱ्याशी कार्बनचा करार करणाऱ्याने कोणता वायू, किती वर्षांसाठी, कोणत्या गुणकाने आणि कोणाच्या धुराच्या बदल्यात विकत घेतला जात आहे, हे करारातच लिहावे. एवढे झाले तर एकच माप वापरूनही फसवणूक टळू शकेल.

मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात उन्हाच्या तडाख्यामुळे कलम १४४ लावावे लागले. कामगारांना पाणी आणि सावली द्या, असे हुकमाने सांगावे लागले. ज्यांच्यासाठी तो हुकूम निघाला, त्यांच्या घरी ना धुराडे होते ना वातानुकूलन. तापलेल्या हवेची किंमत ते रोज अंगावर मोजतात. त्यांच्या बैलाला काट्यावर चढविण्यापूर्वी तो काटा कोणाच्या हाती आहे, हे विचारण्याचा त्यांचा अधिकार मान्य झालाच पाहिजे.