गाडी का रुसली?

दोस्तांनो, सायकलच्या पंक्चरवर लिहिलं तेव्हापासून तुमच्या पत्रांत एक मागणी सारखी येते आहे. ‘आता मोटारसायकलबद्दल लिहा!’ हो हो, लिहितो. पण आधी एक पत्र ऐका. सातवीतल्या एका मित्राचं आहे. त्याचे बाबा रोज पहाटे आजूबाजूच्या वाड्यांतून दूध गोळा करतात आणि तालुक्याला पोचवतात. गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले. ही गाडी पाच-सहा किलोमीटर छान पळते, मग घुटमळते आणि बंद पडते. दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभी केली की एका किकमध्ये चालू! थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. गॅरेजमध्ये प्लग बदलून झाला, कॉइल बदलून झाली, कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला. पैसे गेले, उन्हाळ्यात दोनदा दूध नासलं, आणि आता बाबा म्हणतात, गाडी विकून टाकू. मित्र विचारतो, ‘गाडीला नक्की झालंय काय?’

छान कोडं आहे. तुम्हीही सोडवू शकाल, पण त्याआधी इंजिनाला काय काय लागतं ते माहीत हवं.

चूल पेटवायला काय लागतं? लाकूड, हवा आणि काडी. इंजिनाचंही तसंच. पेट्रोल हवं, हवा हवी, आणि काडीच्या जागी प्लगची ठिणगी हवी. चौथी गोष्ट चुलीला लागत नाही, इंजिनाला लागते. ती म्हणजे दाब. पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबून एवढंसं करतो आणि मग ठिणगी पडते. मिश्रण दाबलेलं असतं म्हणून त्या जळण्यात जोर असतो. चारचाकी असो की दुचाकी, पेट्रोलचं इंजिन बंद पडलं की या चारांपैकी काहीतरी कमी पडलेलं असतं. पाचवं कारण नसतंच, असं म्हटलं तरी चालेल.

यातली हवा आपण फार हलक्यात घेतो, बरं का. एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला आठ-नऊ हजार लिटर हवा! तुमची आंघोळीची बादली साधारण वीस लिटरची धरा आणि किती बादल्या होतात ते काढा. एवढी हवा ज्या एअर फिल्टरमधून जाते तो धुळीनं भरला, तर बिचारी गाडी गुदमरणार नाही तर काय होणार? आणि वेग किती? इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर फोर स्ट्रोक गाडीत मिश्रण मिनिटाला दोन हजार वेळा पेट घेतं. सेकंदाला तेहतीस वेळा! तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत.

आता कोड्याकडे. गाडी सुरू होते आणि जोरात पळते, म्हणजे दाब ठीक आहे. हवाही ठीक असावी, कारण फिल्टर तुंबला असेल तर तो दहा मिनिटांत आपोआप मोकळा होत नाही. उरलं पेट्रोल आणि उरली ठिणगी. गॅरेजवाल्या काकांनी ठिणगीवर संशय घेतला. तो संशय काही चुकीचा नव्हता. काही कॉइल गरम झाल्या की दगा देतात आणि गार झाल्या की पुन्हा शहाण्यासारख्या वागतात. लक्षण अगदी हेच! पण कॉइल बदलूनही दुखणं तसंच राहिलं, तेव्हा थांबून एखादा नवा प्रश्न विचारायला हवा होता.

मी मित्राला असा एक प्रश्न पत्रानं विचारला. टाकी काठोकाठ भरलेली असते त्या दिवशी गाडी लवकर बंद पडते, की टाकी अर्धी असते त्या दिवशी? त्याचं उत्तर आलं, ‘भरलेली असली की लवकर. बाबा म्हणतातच, पेट्रोल भरलं की हिला माज येतो.’

झालं! चोर सापडला. इंजिन तापायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागणार, टाकीत पेट्रोल किती आहे याच्याशी त्याला काय देणंघेणं? म्हणजे कॉइल निर्दोष. गडबड टाकीतच होती.

घरात गोडेतेलाचा पत्र्याचा डबा येतो तेव्हा आई त्याला किती भोकं पाडते, आठवा. दोन. एकच पाडलं तर तेल गुडगुड करत अडखळत येतं. दुसऱ्या भोकातून आत हवा जाते म्हणून पहिल्यातून तेल नीट बाहेर येतं. गाडीच्या टाकीचंही असंच आहे. पेट्रोल खाली कार्ब्युरेटरकडे जातं, त्याची जागा घ्यायला वरून हवा आत यायला हवी. त्यासाठी टाकीच्या झाकणात एक बारीक वाट ठेवलेली असते. ती माती-गंजानं बुजली की आत हवा जात नाही. पेट्रोल थोडं खाली गेलं की टाकीतल्या हवेचा दाब कमी होतो आणि ती पेट्रोल धरून ठेवते. इंजिन उपाशी! दहा मिनिटांत कुठून तरी थोडी थोडी हवा आत झिरपते आणि गाडी पुन्हा चालू. आता सांगा, भरलेल्या टाकीत हे लवकर का होतं? कारण पेट्रोलच्या वर हवेला जागाच थोडी असते. थोड्याशा हवेला थोडंसं पसरावं लागलं तरी तिचा दाब चटकन उतरतो. अर्ध्या टाकीत हवा भरपूर असते, तिला तेवढं पसरल्याचं काहीच वाटत नाही.

खात्री कशी करायची? गाडी बंद पडली की किल्ली फिरवून बंद करायची, आसपास विडी-काडी नाही ना बघायचं, आणि झाकण हळूच उघडायचं. ‘फुस्स’ असा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली तर निकाल लागला. कॉइल गरम झाली असती, तर झाकण उघडून ती थोडीच गार होणार होती? मित्राच्या बाबांनी तसं केलं. फुस्स आवाज आला. झाकणातली वाट बारीक तारेनं मोकळी केली, खर्च शून्य. कुंभारीण माशीसुद्धा अशा भोकांत चिखलाचं घर बांधते. नळीच्या तोंडाशी मातीचा छोटा गोळा दिसला तर समजा, बाईंनी बिऱ्हाड केलंय.

या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय केलं, काय झालं ते वहीत लिहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर नेमकं कशानं ते कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे! अमेरिकेत रॉबर्ट पर्सिग नावाचे एक लेखक होऊन गेले. १९६८ मध्ये ते आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मोटारसायकलवरून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत गेले. त्या प्रवासावर १९७४ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. नाव मोटारसायकल दुरुस्तीचं, पण पुस्तक आहे विचार कसा करावा याचं. कठीण बिघाड असला की वहीत मांडून शोधावा, हे त्यांनी त्यात अगदी समजावून सांगितलं आहे. पुस्तक मोठ्यांसाठी आहे, जरा जड आहे. कॉलेजात गेलात की वाचा. त्यांची ती होंडा गाडी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

वही उघडण्याआधी मात्र सोपे प्रश्न विचारायचे. त्यात लाज कसली? पेट्रोल आहे का? जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक चालू आहे का? उजव्या हाताशी असलेलं लाल बटण कुणा बंटीनं खेळताना बंद तर केलं नाही? गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? साइड स्टँड वर आहे का? नव्या बऱ्याच गाड्या साइड स्टँड खाली असताना गिअरमध्ये सुरूच होत नाहीत. धो-धो पावसात गाडी रुसली तर प्लगची टोपी काढून कोरड्या फडक्यानं पुसून बघा. कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नकोच. आणि किक मारून मारून पेट्रोलचा भपकारा यायला लागला, तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. चोक बंद करायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायचा आणि चार-पाच किका मारायच्या. नुसती हवा आत जाऊन ते वाळतं. (हेही जुन्या गाड्यांसाठी.)

‘आमची गाडी नवी आहे, तिला कार्ब्युरेटरच नाही!’ असं ओरडणारे वाचकही मला ऐकू येताहेत. बरोबर आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता एक छोटा संगणक मोजून पेट्रोल फवारतो. किल्ली फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद ‘ऊंऽऽ’ असा बारीक आवाज येतो, तो पेट्रोलच्या पंपाचा. तो आलाच नाही तर लाल बटण आणि फ्यूज आधी तपासा. मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा गाडी चालू असतानाही विझला नाही, तर संगणकाला काहीतरी खटकलंय. काही गाड्यांत तो दिवा मोजून लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यातून बिघाडाचा नंबर कळतो! पण बाकी विचार तोच. पेट्रोल, हवा, ठिणगी, दाब.

जुन्या गाडीवर जीव असलेल्यांसाठी आणखी एक. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांना ते ठाऊक असेल, कारण साखर कारखान्यांतही ते बनतं. इथेनॉलला पाण्याची फार ओढ. टाकीत थोडं पाणी शिरलं तर ते सामावून घेतं, पण पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात. नेमकं तिथूनच इंजिनाला पेट्रोल जातं! शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलनं खराब होऊ शकतात. काकांची येझदी किंवा आरएक्स १०० शेडमध्ये चार महिने उभी असेल, तर ती काढण्याआधी नळीला भेगा पडल्यात का ते बोटांनी वाकवून बघा म्हणावं.

आता जरा कडक बोलतो. रागावू नका. चेन साफ करताना इंजिन चालू ठेवून चाक फिरवणारे लोक तुम्ही पाहिले असतील. फडकं चेनमध्ये अडकतं आणि फडक्याबरोबर बोट चेन आणि दातेरी चक्राच्या मध्ये जातं. त्या जागी बोट गेलं की तुटतंच. चेनला हात लावताना इंजिन बंद, किल्ली खिशात, चाक हातानं फिरवायचं. यात सवलत नाही. बंद खोलीत किंवा शटर ओढून गाडी चालू ठेवायची नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. पेट्रोलनं हात किंवा भाग धुवायचे नाहीत. प्लगवर हजारो व्होल्ट असतात, तेव्हा ठिणगी बघायचं काम मोठ्यांचं.

(आई-बाबा, हे तुमच्यासाठी. गिअरची गाडी चालवायला वय अठरा लागतं. मुलानं त्याआधी चालवली आणि गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘गल्लीच्या टोकापर्यंतच नेतो’ हे चालायचं नाही. गाडी पुसायला, तपासायला मात्र जरूर बोलवा. तुमच्यापेक्षा त्यांची नजर तीक्ष्ण असते.)

मग तुम्ही काय करायचं? रविवारी सकाळी, गाडी गार असताना, बाबांना किंवा ताईला सोबत घ्या. गाडी डबल स्टँडवर लावा. चेनच्या खालच्या पट्ट्याला मधोमध काडीनं वर-खाली हलवा. साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलायला हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फार ढिली चेन उतरते, फार ताठ चेन झिजते. पाचएकशे किलोमीटरनंतर तिला वंगण द्यायचं. काही भाग खोलायचा असला तर आधी मोबाईलवर फोटो काढा आणि निघालेले नट-बोल्ट अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवा, ज्या ओळीनं निघाले त्याच्या उलट ओळीनं बसवायचे. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का, ते मागे उभं राहून बघा. चालवणाऱ्याला ते कधीच दिसत नाही!

टायर सगळ्यात शेवटी, कारण त्यात गंमत आहे. टायरच्या खाचांत खोलवर छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा. खाचा छान दिसल्या तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं, आणि त्याचं वय टायरवरच लिहिलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे शोधा. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ३२२१ असेल तर २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. तुमच्या घरच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टायरचा वाढदिवस शोधून काढा आणि मला पोस्टकार्डावर कळवा. सगळ्यात म्हातारा टायर कुणाकडे निघतो ते पुढच्या अंकात छापू. तो टायर तोवर बदलून झालेला असला तर आणखी छान.