जुना वस्तरा विकायचाय? मग बफिंग मशीन बाजूला ठेवा

छंदातून धंदा या विषयावरच्या व्हिडिओत जुन्या वस्तऱ्यांचा मुद्दा दोन मिनिटांत उरकावा लागला, म्हणून इथे नीट लिहितोय.

वस्तरा म्हणजे सलूनमधला, अर्धं ब्लेड घालायचा तो नव्हे. अख्खं पोलादी पातं असलेला, मुठीत दुमडणारा, दगडावर धार लावत पिढ्यान् पिढ्या चालणारा. इंग्लंडमधलं शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगन ही त्याची दोन मोठी गावं. 1904 मध्ये जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं आणि हळूहळू हे वस्तरे कपाटात गेले. आज जगभरात लोक ते हौसेनं गोळा करतात, दुरुस्त करतात, काहीजण विकतातही.

यात नवा उतरलेला माणूस पहिल्यांदा काय घेतो? बफिंग मशीन. गंज दिसला की घास, आरशासारखं चमकव, फोटो काढ, टाक विकायला. माझं मत स्पष्ट आहे. असा माल विकणारा गिऱ्हाइकाला फसवतोय, भले त्याच्या मनात तसं नसेल.

का ते सांगतो. वस्तरा दगडावर फिरवताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो, साधारण 16-17 अंश. पाठ घासून पातळ केली की कोन बदलला. शिवाय पोकळ घासणीचं पातं धारेकडे अगदी पातळ असतं. मशीनच्या उष्णतेनं तिथलं पोलाद निळं पडलं की कडकपणा गेला, मग धार टिकत नाही. निळा डाग पॉलिशनं निघतो, बिघाड तसाच राहतो. फोटोत काय कळणार?

आणि शिक्का! पात्याच्या मागच्या दांड्यावर कंपनीचं आणि गावाचं नाव ठोकलेलं असतं. वेड अँड बुचर, जोसेफ रॉजर्स अशी नावं वाचूनच संग्राहक थांबतो. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्यानं तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे शिक्क्यात 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असेल तर वस्तरा बहुतेक त्यानंतरचा. शिक्का घासून पुसट केलात तर त्याचा जन्मदाखलाच फाडलात.

आता हिशोब, कारण छंदवाले तोच करत नाहीत. धरून चला, वस्तरा 1,000 रुपयांना मिळाला. हातानं पॉलिश पेपर मारायचा, मुठीच्या पिना काढून नव्या ठोकायच्या, मग 1000, 4000, 8000 ग्रिटच्या दगडांवर धार, शेवटी चामड्याचा पट्टा. सहा तास कुठे गेले नाहीत. तासाला 200 धरले तरी 1,200. झाले 2,200. पितळी पिना, कुरिअर वेगळं, दगडांची गुंतवणूक तर मोजलीच नाही. 2,500 ला विकून 'अडीचपट मिळाले' म्हणणारा स्वतःची मजुरी नफ्यात धरतोय. त्यात एखाद्या पात्याच्या धारेला बारीक चीर निघाली की तो माल भंगारात.

म्हणून मला यात खरेदी-विक्रीपेक्षा सेवा पटते. दुसऱ्याच्या वस्तऱ्याला धार लावून द्या. पैसा अडकत नाही, चीर निघाली तर नुकसान तुमचं नाही. पण गिऱ्हाईक मोजकंच असेल, नोकरी सोडून यात उडी मारू नका.

तरी विकायचंच असेल तर गंजाचे खोल खड्डे राहू द्या आणि फोटोत दाखवा. 'दाढीसाठी तयार' असं लिहिण्याआधी त्यानं स्वतःच्या गालावर दाढी करा. मूठ हस्तिदंती वाटली तर विक्रीचा विचारही नको, वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आहे. सेल्युलॉइडची मूठ कुजायला लागली असेल तर तो वस्तरा वेगळा ठेवा, तिच्यातून निघणाऱ्या वायूनं डब्यातली बाकीची पातीही गंजतात.

आणि घरात आजोबांचा वस्तरा सापडला असेल तर आज फक्त तेलाचा हात फिरवा आणि शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. घासायची घाई नको.