ख्रिस्ताची वधू आणि नवऱ्याची बायको

ख्रिस्ती लग्नाला कधी गेला असाल, तर इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय तुमच्या कानावर पडलाच असेल. ख्रिस्त आणि मंडळी यांचं जे नातं, तेच पती-पत्नीचं. ख्रिस्त मंडळीचं मस्तक, तसा नवरा बायकोचं. त्या दिवशी हे गोड वाटतं. तोच दाखला पाच-दहा वर्षांनी आमच्या सल्ला केंद्रात पुन्हा ऐकू येतो, तेव्हा त्याचा सूर पार बदललेला असतो. सुजलेला गाल पदराने झाकत बाई सांगते, "पाळकसाहेब म्हणाले, मंडळी कधी ख्रिस्ताला सोडून जाते का?"

यावर काय बोलायचं, हे आपल्यातल्या बहुतेक कार्यकर्त्यांना सुचत नाही. 'पतिपरमेश्वर' या कल्पनेशी भांडायची आपल्याला सवय आहे. पण समोरची बाई बायबल घेऊन आली की आपण एक तर गप्प बसतो, नाही तर "ते पुस्तक बाजूला ठेव आणि कायद्याचं बोल" म्हणतो. मग ती पुन्हा येत नाही. देव आणि जीव यांतलं एक निवड, असं आपणही तिला सांगितलेलं असतं.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं की ते पुस्तक बाजूला ठेवू नये, तिच्याबरोबर उघडावं. पाळकसाहेबांनी जिथून वाचायला सुरुवात केली, त्याच्या एक ओळ आधीपासून. तिथे, म्हणजे एकविसाव्या वचनात, सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन व्हावं असं सांगितलेलं आहे. सर्वांत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत तर बायकांना उद्देशून असलेल्या पुढच्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. ते या 'एकमेकांच्या' ओळीतून उसनं घ्यावं लागतं. बायकांसाठी आहेत तीन वचनं. नवऱ्यांसाठी त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यांत मागणं काय, तर ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तसं बायकोसाठी स्वतःला द्यावं, तिला आपल्या शरीरासारखं जपावं. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८८ च्या आपल्या पत्रात हे अधीन होणं दोन्हीकडून आहे असंच लिहिलं. पण व्यवहारात बायकोची तीन वचनं झाली नियम आणि नवऱ्याची झाली शोभा. बायकोला जाब विचारणारे पुष्कळ. जीव ओवाळून टाकला नाही म्हणून नवऱ्याला मंडळीसमोर उभं केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मात्र एवढ्याने मिटतं असं मला वाटत नाही. खोट त्या चित्रातच आहे. ख्रिस्त चुकत नाही, मंडळी चुकते. मग नवऱ्याला ख्रिस्ताच्या जागी बसवलं की प्रत्येक भांडणात कोण चुकलं हे आधीच ठरलेलं! जुन्या करारात होशेय आणि यहेज्केल यांच्या पुस्तकांत देव हा संतापलेला नवरा आहे आणि इस्राएल ही बदफैली बायको. तिला उघडी करण्याच्या धमक्याही तिथे आहेत. रेनिटा वीम्स या अमेरिकन काळ्या अभ्यासक बाईने १९९५ साली 'बॅटर्ड लव्ह' हे अख्खं पुस्तक या चित्रावर लिहिलं.

आणि उपमा असते कशासाठी? ख्रिस्ताविषयी काही सांगण्यासाठी, नवऱ्याविषयी नव्हे. देवाला मेंढपाळ म्हटलं म्हणून कुणी मेंढपाळाच्या पाया पडत नाही. आपल्या ना. वा. टिळकांनी अभंगांतून ख्रिस्ताला माउली म्हटलं. त्यावरून कुठल्या ख्रिस्ती घरात आई मस्तक झाली?

टिळकांच्याच घरचं पाहा. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले. मंडळी ख्रिस्तामागे जाते तशा लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर. आणि पंडिता रमाबाई? १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या या बाईने तिथल्या सिस्टरांना बजावलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिलंय, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. मराठी ख्रिस्ती बाईला ही परंपरा सांगावी. ती तिच्या घरचीच आहे.

या चित्राची छाया कायद्यावरही होती. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याप्रमाणे बायकोचा व्यभिचार नवऱ्याला पुरत असे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता मोडली, आणि संसदेने कायदा बदलला २००१ साली. १३२ वर्षं लागली.

कॅथलिक बायकांची अडचण वेगळी. ख्रिस्त आणि ख्रिस्तसभा यांचं नातं तुटत नाही, म्हणून विधिवत पूर्ण झालेलं लग्नही मोडत नाही, असं त्यांची ख्रिस्तसभा मानते. न्यायालयाचा घटस्फोट तिथे चालत नाही. पण त्याच ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेत ११५३ वं कलम आहे. जोडीदाराकडून मनाला वा शरीराला, किंवा मुलांना, गंभीर धोका असेल, तर वेगळं राहण्याचं ते रास्त कारण. बिशपांच्या हुकमाने, आणि थांबण्यात धोका असेल तर स्वतःच्या निर्णयानेही. कारण संपल्यावर एरवी पुन्हा एकत्र यावं, असंही त्यात आहे. ते लपवू नये. पण मार थांबला की नाही, हे मार खाणारीशिवाय कोण सांगणार?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या अर्जाशेजारी या कलमाचा मराठी मजकूर आपल्या प्रत्येक केंद्रात ठेवायला हवा. कारण कॅथलिक बायका पोटगीच्याही आधी एक प्रश्न विचारतात, आणि तो खालच्या आवाजात विचारतात: वेगळी राहिले तर मिस्सामध्ये कम्युनियन घेता येईल ना? येतं. वेगळं राहिल्याने किंवा न्यायालयातून नुसता घटस्फोट घेतल्याने ते बंद होत नाही.